खोऱ्याने बांधलेला फेटा

मित्रांनो, मी एक जुना फेटा आहे. नदीकाठच्या अक्रोडाच्या झाडाला माझी गाठ बसलेली आहे आणि पावसापाण्याने माझा रंग पार उडाला आहे. आता मला पाहून कुणाला पटणार नाही, पण एके काळी मी काबूलच्या संसदेत बसत होतो. माझ्याखाली एक डोकेही होते. त्या डोक्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म हेरातचा. एका म्हाताऱ्या विणकराने काळ्या रेशमात राखाडी रेघा घालून मला विणले. मी चांगला लांबलचक होतो आणि त्याचा मला गर्व होता. पक्तिया प्रांताच्या डोंगरातल्या एका खोऱ्यातल्या लोकांनी वर्गणी काढून मला विकत घेतले, कारण त्यांना आपल्यातला एक माणूस वकील म्हणून काबूलला पाठवायचा होता. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला आमच्याकडे वकील म्हणतात. हा माणूस होता शाळामास्तर तोर्यालय. सडपातळ, गोड बोलणारा, आणि तेव्हा तरी खरोखर भला.

निवडीच्या दिवशी मशिदीच्या अंगणात त्याला मध्ये बसवले. आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येक गावचा वडीलधारा पुढे आला आणि त्याने आपल्या हाताने माझा एकेक वेढा त्याच्या डोक्याभोवती घातला. असा फेटा त्या एकट्याचा नसतो, सगळ्या खोऱ्याचा असतो. शेवटचा वेढा पाइंदा काकांनी घातला.

"मास्तर, डोकं लहान आहे रे तुझं. फेटा मोठा निघाला."

"डोकं वाढेल, काका," तोर्यालय हसून म्हणाला.

"वाढू दे. पण आतून वाढू दे."

सगळे हसले. पाइंदा काका मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि तोर्यालयच्या पायाशी ठेवला. आमच्या खोऱ्यात कुणी आपला फेटा तुमच्या पायाशी ठेवला, तर त्याला नाही म्हणता येत नाही.

"नदीवर पूल पाहिजे," काका म्हणाले. "माझी लेक मरजान बाळंतपणात ह्याच काठावर गेली. दवाखाना पलीकडे दिसत होता रे, आणि पोरगी अलीकडे तडफडत होती. तिची झरका जगली, एवढंच. उद्या झरकावर ती पाळी येऊ नये."

तोर्यालयचे डोळे भरून आले. त्याने काकांचा फेटा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. "काका, तुमचा पूल माझ्या डोक्यावर," असे तो म्हणाला. मला ते ओझे जाणवले, आणि बरे वाटले.

काबूलमध्ये पहिली काही वर्षे त्याने खरेच खटपट केली. मग कचेरीतली पत्रे कमी झाली आणि मेजवान्या वाढल्या. त्याच्या मागेपुढे बंदूकवाले चालू लागले. हिरव्या काचांचे घर झाले, त्यात झुंबरे आली. पुलासाठी पैसा मंजूर झाला तेव्हा ठेका त्याच्या मेहुण्याला मिळाला. मेहुण्याने काठावर वाळूचा एक ढीग टाकला. पुढच्या पुरात तोही वाहून गेला.

एक दिवस तर कहर झाला. रोज मला बांधायला वेळ जातो म्हणून तोर्यालयने शिंप्याला बोलावले आणि माझे सगळे वेढे आतल्या टोपीला शिवून घेतले. वडीलधाऱ्यांनी एकेक करून घातलेले ते वेढे! त्यानंतर तो मला टोपीसारखा चढवू लागला आणि टोपीसारखाच उतरवू लागला. मित्रांनो, शिंप्याची सुई मला अजून टोचते.

पुन्हा निवडणूक आली तेव्हा तो खोऱ्यात आला. लोक घुश्शात होते. कुणीतरी ओरडले, "वकीलसाहेब, पूल कुठाय? खिशात आणलाय का?" तोर्यालयने मला उतरवले आणि सरळ पाइंदा काकांच्या पायाशी ठेवले.

मी धुळीत पडून काकांकडे पाहत होतो. मनात म्हणत होतो, काका, आज रीत मोडा, मला उचलू नका. झरका तेव्हा शाळेत जाणारी पोर होती. ती त्यांच्या मागे उभी राहून सगळे बघत होती. शेवटी ते वाकले आणि त्यांनी मला उचलले.

"रीत ती रीत," ते म्हणाले. "पण मास्तर, रीत माणसांसाठी असते. तू तिचा सापळा केलास."

खोऱ्याने त्याला परत निवडून दिले. पुढच्या खेपेलाही त्याने तेच केले. त्या वेळी बरोबर कॅमेरावालाही होता, आणि ऊन नीट पडावे म्हणून त्याने मला दोनदा खाली ठेवले. लोकांच्या तोंडाला पुन्हा पाने पुसली गेली. माझी लाज मला कुठे लपवावी ते कळेना.

मग राज्य कोसळले. ज्या दिवशी शहर दुसऱ्यांच्या हाती गेले, त्या दिवशी तोर्यालय गाडीत बसून विमानतळाकडे निघाला. गर्दीत त्याने मला डोक्यावरून ओढून मागच्या सीटवर फेकले, केस विसकटले आणि पॅन्ट-शर्टात तो माणसांच्या लोंढ्यात घुसला. त्याने वळूनही पाहिले नाही. त्याचा ड्रायव्हर नसीम आमच्याच खोऱ्यातला होता. तो मला घेऊन गावी आला.

पाइंदा काकांनी मला उलटेसुलटे करून पाहिले. "फेटा आला. ह्याच्या खालचं डोकं कुठं सांडलं, नसीम?"

"विमानात बसलं, काका."

काकांनी मला बैठकीच्या खोलीतल्या खुंटीला अडकवले. मला कुणी हात लावेना.

त्यानंतरच्या एका वसंतात बर्फ वितळून नदी फुगली आणि नेमक्या त्याच दिवसांत झरकाला कळा सुरू झाल्या. सकाळपासून मूल आडवे आले होते. पलीकडे दवाखाना दिसत होता. काका काठावर उभे होते, त्याच जागी, जिथे मरजान गेली होती. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळ्या बांधल्या होत्या, पण प्रवाहात ती धरून ठेवायला गावातला दोर निम्म्यावरच संपत होता.

काका घरात धावत आले. त्यांनी सुरीने माझी शिवण टराटरा उसवली आणि मला मोकळे केले. काठावर पोचताच त्यांनी मला दोराला जोडले, स्वतःचा फेटाही उतरवला आणि माझ्या टोकाला बांधला. बायाबापड्यांसमोर उघड्या डोक्याने उभे राहणे आमच्याकडे मरणाहून वाईट. पण एकेक म्हातारा पुढे आला आणि आपला फेटा सोडू लागला. ज्यांनी कधी मला एकेक वेढा दिला होता, तेच हात आता गाठी मारत होते.

झरकाचा नवरा आमचे टोक कमरेला बांधून पोहत पलीकडे गेला. मग झरकाला ट्यूबवर निजवले. पाणी असे काही ओढत होते, की माझा धागा न् धागा किंचाळला. पण मी सुटलो नाही. झरका पलीकडे पोचली. तिला मुलगी झाली. दोघी जगल्या.

गेल्या महिन्यात कुणाच्या तरी फोनवर तोर्यालय दिसला. परदेशात, उबदार खोलीत, नवा कोरा फेटा घालून तो सांगत होता, "माझ्या खोऱ्यातल्या पुलासाठी मी आयुष्य वेचलं."

झरकाने मांडीवरच्या लेकीला थोपटत विचारले, "आजोबा, ह्याला हा फेटा कोणी बांधला?"

"आरशानं," काका म्हणाले.

म्हाताऱ्यांचे फेटे त्यांना परत मिळाले. मी मात्र दोराला जोडलेला इथेच राहिलो आहे. माणसे मला धरून नदी ओलांडतात. दर पुरात माझे चार धागे तुटतात. पोरे म्हणतात, ह्याला जपायला हवे, ह्याला घरी नेऊन पेटीत ठेवू या. मित्रांनो, मला जपू नका. ज्याच्या डोक्यावर तुम्ही फेटा बांधाल, त्याला दर वर्षी काठावर आणून उभे करा आणि पाणी दाखवा. झरकाची लेक मोठी होते आहे, आणि मी कुजत चाललो आहे.