एका दिवसाचं कव्हर

ट्रॅकवर येणारी मंडळी मास्तरांना हसायची. गाडी बेफाम पळवायला आलेला माणूस आधी विमा काढून येतो, म्हणजे छत्री घेऊन आंघोळीला जाण्यातला प्रकार, असं त्यांचं मत. गाडीच्या रोजच्या विम्यात ट्रॅक धरत नाहीत, फाटकातून आत गेलात की काय होईल ते तुमचं तुम्ही निस्तरायचं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही सगळे देवाच्या भरवशावर यायचे. मास्तर मात्र दर खेपेला आधी मेहुण्याच्या ऑफिसात जाऊन तेवढ्या एका दिवसापुरतं वेगळं कव्हर घेत. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, विम्याचा एजंट. तोही हसायचा, पण कमिशन मिळत असल्यामुळे जरा बेतानं.

मास्तरांना दुसरा इलाजच नव्हता. ते ड्रायव्हिंग शिकवत, आणि आठवडाभर ज्या गाडीत नवशिके घाम गाळायचे तीच गाडी ते ट्रॅकवर नेत. शेजारच्या सीटच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक बसवलेली, दारावर शाळेचं नाव रंगवलेली. ती गाडी म्हणजेच शाळा आणि त्या शाळेवरच घर. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबून पाय आंबलेल्या माणसाला कधीतरी स्वतःच्या मनासारखं चालवावंसं वाटलं, तर त्यात वावगं काही नाही.

बायकोला ते वावगंच वाटायचं. पोटापाण्याची वस्तू खेळायला नेऊ नये, हे ती लग्न झाल्यापासून सांगत आली होती आणि ट्रॅककडे तिनं एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. त्या रविवारी मात्र ती आपणहून म्हणाली, चला, बघू तरी काय आहे ते तुमचं. मास्तर इतके हरखले की वाटेत तिला दोनदा विचारलं, एसी कमी करू का.

या आनंदात एक गोष्ट सांगायची राहून गेली. कव्हर होतं सरावाला, शर्यतीला नव्हतं. आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या की कंपनीच्या लेखी ती शर्यत. ट्रॅकवाल्यांच्या विम्यालाही तीच अट. म्हणून तिथं एक रीत पडली होती. घड्याळं सगळ्यांकडे असत, पण जॅकेटच्या आत. वेळ तोंडानं कुणी उच्चारत नसे. फेरी सुधारली तर भिंतीशी उभा असलेला सोबती कान खाजवायचा, बिघडली तर नाक. चांगली टक्कल पडलेली माणसं परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांसारखी वागायची. मास्तरांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की बायकोला ते माहीत नसेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ती भिंतीशी उभी राहिली. आधी कंटाळली, मग बघायला लागली, मग तिला राहवेना. शेजारच्याला तिनं विचारलं, तुम्ही सारखं कोटात काय बघता? त्यानं गंमत म्हणून आपलं घड्याळ तिच्या हातात दिलं. एका हातात ते आणि दुसऱ्या हातात फोन धरून ती नवऱ्याचा व्हिडिओ काढू लागली. मास्तर समोरून जाताना त्यांना ती दिसली. भान हरपून हसणारी बायको त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

पुढच्याच वळणावर कुणाच्या तरी गाडीतून तेल सांडलं होतं. मास्तरांची गाडी घसरत गेली आणि टायरच्या भिंतीवर आडवी आदळून उलटली. ते मान चोळत बाहेर आले. गाडीचा सांगाडा पार पिळून निघाला होता. गॅरेजवाल्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि भंगारवाल्याचा नंबर हवा का, असं विचारलं.

पण विमा होता. आयुष्यात पहिल्यांदाच बायको भावासमोर म्हणाली, बघ, हसत होतास ना यांना.

नुकसान तपासायला कंपनीची सर्व्हेअर घरी आली. मऊ बोलणारी, थकलेली बाई. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं चार प्रश्न विचारले. मास्तर गाडी बेदरकारपणे चालवत नव्हते, चूक तेलाची होती, हे दाखवायला बायकोनं उत्साहानं फोन पुढे केला. पडद्यावर तेलाचा डाग स्वच्छ दिसत होता. त्याच्या आधी, इंजिनाच्या आवाजाच्या वर, बायकोचा आवाज होता. मागच्या फेरीपेक्षा दोन सेकंद कमी लागले, असं ती ओरडून सांगत होती, आणि आणखी जोरात जा म्हणत होती.

सर्व्हेअरनं तेवढा तुकडा परत लावला. बायको कौतुकानं म्हणाली, दिसलं ना तेल? सर्व्हेअर म्हणाली, दिसलं. आणि तिनं मास्तरांकडे बघणं टाळलं.

फाटकापर्यंत मास्तर तिच्या मागोमाग गेले.

"मला ते ऐकू आलं नाही असं मी लिहू शकत नाही," ती म्हणाली.

"समजतं. पण कुणाचा आवाज होता ते लिहू नका."

तिनं मान डोलावली. भली बाई होती, पण तिच्या भलेपणाची धाव तेवढीच.

क्लेम नामंजूर झाला. पत्रात अटीचा भंग एवढंच होतं, कुठल्या अटीचा ते नव्हतं. मेहुण्यानं आपल्या ऑफिसातून खरं कारण काढलं आणि ते मास्तरांच्या कानावर घातलं. मास्तरांनी त्याला गळ घातली, ताईला कळता कामा नये. तो चिडला, म्हणाला, कळू दे की, मुद्दाम थोडंच केलंय तिनं. मास्तर म्हणाले, म्हणूनच.

शिकणारे एकेक करून दुसऱ्या शाळेत गेले. मास्तर घरात बसून राहिले. बायको मात्र पदर खोचून उभी राहिली. नवरा चुकला नव्हता, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्या माहितीनं तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. इतक्या वर्षांच्या कटकटीची जणू ती भरपाई करत होती. मास्तरांना ते बघवत नव्हतं.

एका सकाळी ती तयार होऊन बाहेरच्या खोलीत आली. भावाला तिनं सोबत यायला बोलावलं होतं. तो दाराशी किल्ली फिरवत उभा होता.

"मी मोठ्या साहेबांना भेटते," ती म्हणाली. "व्हिडिओ दाखवते. साक्षीदार मी आहे, मला कसं खोटं पाडतील?"

मेहुण्यानं मास्तरांकडे पाहिलं. तिथं तो व्हिडिओ कुणीतरी पुन्हा लावणार आणि नवऱ्याचा घास कुणी हिरावला, हे तिला चार लोकांत ऐकवणार. एवढं दोघांनाही समजत होतं.

"जाऊ नकोस," मास्तर म्हणाले. "मी पैज लावली होती."

"कसली?"

"गाडीची. तिथल्या एका निळ्या गाडीवाल्याशी. जो मागे राहील त्यानं गाडी द्यायची. कंपनीला कळलं ते."

मेहुण्यानं तोंड उघडलं. "भावोजी," एवढंच तो म्हणाला.

ती हसली, कारण तिला वाटलं थट्टाच चाललीय. मास्तर सरळ साधा माणूस, खोटं बोलताना त्यांची नेहमी त्रेधा उडायची. या वेळी उडाली नाही. तिनं त्यांचा चेहरा नीट पाहिला, मग भावाचा पाहिला. भावानं मान खाली घातली.

"आपली गाडी?"

"हो."

ती खुर्चीत बसली. बराच वेळ पर्सची चेन उघडत आणि मिटत राहिली.

"आणि मी तिथं नाचत होते," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, ही आता बोलेल, भांडेल, जुनं सगळं उकरून काढेल. त्याची त्यांनी मनाची तयारी केली होती. तिनं फोन काढला, तो व्हिडिओ पुसून टाकला आणि फोन पर्समध्ये ठेवला. मग ती भावाकडे वळून म्हणाली, तुझ्या ऑफिसात माझ्याजोगं काही काम असेल तर बघ, लवकर बघ. तो हो म्हणाला.

तेवढं बोलून ती आत गेली. त्यानंतर घरात लागेल तेवढं ती मास्तरांशी बोलायची, जेवायला बसा, दार लावून घ्या, असं. ट्रॅकचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही.