शिवलं की सुटका

आमच्या गावच्या शाळेतल्या नीलम्मा बाई धारूरच्या किराणा दुकानदाराची लेक, पण झाडांचं वेड असं की विचारू नका. शाळेतला फळा साहेब तपासणीला आला तरच पुसला जायचा. एरवी पोरं मागच्या गायरानात. शिवाशिवीचा एक खेळ बाईंनी स्वतःच काढला होता. राज्य असलेल्यानं झाडाचं नाव पुकारायचं, बाकीच्यांनी पळत जाऊन तेच झाड शिवायचं. बरोबर शिवलं की सुटका.

"ह्यानं काय पोट भरणार हाय?" असं आम्हीच म्हणायचो. मग पहिलीतली पोरं अंजन आणि आपटा पानावरून वेगळे सांगायला लागली, तेव्हा आमची तोंडं बंद झाली. जन्म इथं गेला तरी आमच्यातल्या निम्म्यांची त्यात गफलत व्हायची.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली. सुरुवातीला उसाचं वाढं यायचं, पुढं ऊसच संपला. जनावरं रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभी राहायची, बघवत नव्हतं. संस्थेचे सचिव त्रिंबकराव यांनी ठरवलं, गायरानातल्या अंजनाचा पाला तोडायचा. तोडणाऱ्यांना मजुरी म्हणून लाकूड. म्हणजे झाड बुंध्यापासून गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बाई छावणीत गेल्या. "त्रिंबकराव, जरा दम धरा. मी बीडला तहसीलीत जाऊन चाऱ्याची गाडी मागते."

"तुमी म्हणता तर थांबतो, बाई. पर जनावराला दम धर म्हणून सांगता येत न्हाई."

माणूस वाईट नव्हता. पण बाई बीडच्या रस्त्याला लागल्या आणि इकडं छावणीत एक गाय बसली ती उठलीच नाही. त्रिंबकराव तोडणाऱ्यांना घेऊन गायरानात गेले. पोरं तिथंच खेळत होती. झाडं ओढ्याघळीत विखुरलेली, वाळक्या झुडपांत अंजन कोणता ते उमगेना. त्यांनी घटकाभर पोरांचा खेळ पाहिला आणि मोठ्यानं पुकारलं, "अंजन!"

पोरं उधळली. ज्याच्या त्याच्या हाताखाली एकेक झाड. तोडणारे मागोमाग चुन्याची खूण करत गेले.

बाई परतल्या तेव्हा चाऱ्याची गाडी मंजूर झाली होती, आणि गायरान लांबवर मोकळं दिसत होतं. त्या तिथंच खाली बसल्या. आम्ही चारजण उभे होतो, पण त्यांच्याकडं बघायची कुणाची छाती झाली नाही.

पहिलीतली छबू तेवढी पळत आली. तिचा आनंद पोटात मावत नव्हता. "बाई, घळीतला ल्हानगा अंजन सचिव काकाला दिसतच नव्हता. म्या दाखिवला."

बाईंनी तिला जवळ ओढलं. पोर शाब्बासकीची वाट बघत होतं. त्या म्हणाल्या, "बरोबर ओळखलंस, बाळा."