वळवलेली गाडी आणि वेताचं कडं

मित्रांनो, मी एक जुनं वेताचं कडं आहे. कडं म्हटल्यावर मनगटातला दागिना डोळ्यांसमोर आणू नका. माझा घेर चांगला परातीएवढा आहे आणि माझ्या खालच्या अंगाला चामड्याची एक पिशवी शिवलेली आहे. त्या पिशवीत लोखंडाचा एक गोळा ठेवत. आमच्या मार्गावर रूळ एकच होता. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून नियम असा, की ज्या इंजिनाकडे गोळा, त्यानेच पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं. बाकीच्यांनी, मग त्यांना कितीही घाई असो, गप्प उभं राहायचं.

एका म्हाताऱ्या बुरुडाने मला घडवलं. त्याने वेत भिजत घातला, विस्तवावर शेकला आणि हळूहळू वाकवला. "ओढूनताणून वाकवू नकोस, मोडेल," असं तो शेजारी बसलेल्या सुनेला सांगत होता. मला ते तेव्हा फारसं कळलं नाही. पुढे मात्र फार आठवलं.

स्टेशनात मला धरायचं काम मामांकडे होतं. ते नेमके कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मास्तरांपासून हमालापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. गाडी न थांबता जाणार असली, की मामा फलाटाच्या कडेला उभे राहून मला उंच धरत. इंजिनाच्या दारातून सहायक चालक बाहेर झुके आणि धावत्या गाडीतून हात घालून मला कोपरापर्यंत ओवून घेई. घेताना तो ओरडे, "येतो, मामा!" आणि मामा ओरडत, "या!" हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, तरी 'या' म्हटल्याशिवाय मामांनी एकही गाडी सोडली नाही. पुढच्या स्टेशनात मला उतरवून घेत आणि उलट्या गाडीने मी परत येई.

काय दिवस होते ते! खिडक्याखिडक्यांतून मुलं माना बाहेर काढून मला बघत. एका आजोबांनी तर एकदा टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या मामांसाठी होत्या असं मास्तर म्हणत. मला तसं वाटत नाही.

मामांना एकच मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. संध्याकाळी क्वार्टरच्या अंगणात खेळ रंगे. मामा म्हणजे स्टेशन, ठकी म्हणजे गाडी, आणि मामी दारात झारा वर करून उभ्या राहिल्या की तो सिग्नल. ठकी शिट्टी घालत पळत येई. पहिल्यांदा तिने मला बोटांनी पकडायला पाहिलं आणि सपशेल तोंडावर आपटली. "बोटांनी धरायचं नाही गं," मामांनी तिचे गुडघे झाडत सांगितलं. "मूठ मिट, कोपर वाकव आणि सरळ हात आत घाल. कडं आपोआप येतं." मग ती रोज मला झेलू लागली आणि रोज ओरडू लागली, "येते, बाबा!" मामांचा "ये!" पार मालधक्क्यापर्यंत ऐकू जाई.

पुढे डोंगरापलीकडे दुहेरी रुळांचा नवा मार्ग झाला आणि सगळ्या प्रवासी गाड्या तिकडे गेल्या. आमच्या वाट्याला उरल्या मालगाड्या. आता कोळसा काही टाळ्या वाजवत नाही. माझा वेत उसवू लागला, पिशवीचं चामडं तडकलं. मामा फावल्या वेळात मला सुतळी गुंडाळत बसत. मला वाटतं, आम्ही दोघंही तेव्हाच म्हातारे झालो.

त्याच सुमारास ठकीने सहायक चालकाची परीक्षा दिली आणि ती पासही झाली. मामी आनंदाने शेजारीपाजारी सांगत सुटल्या. मामांचं मात्र वेगळंच. जन्मभर त्यांनी इंजिनं हाताच्या अंतरावरून पाहिली होती, आणि लेकीला त्यात बसवायची त्यांची छाती होईना.

"कडं झेलणं हा अंगणातला खेळ होता, ठकी," ते म्हणाले. "खरं इंजिन म्हणजे पोरखेळ नव्हे. तू जायचं नाहीस."

"मग शिकवलंत कशाला?" ठकीने विचारलं.

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा मामांनी चढवला. दुसऱ्या दिवशी ठकी बॅग घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, "येते, बाबा."

मामा मला सुतळी गुंडाळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. ठकी उंबऱ्याशी जराशी रेंगाळली आणि निघून गेली. मला तोंड असतं तर मीच 'ये' म्हणालो असतो.

त्यानंतर ती आईला फोन करी, पण सुट्टीतही घरी आली नाही. मामा रोज मालगाड्यांना 'या' म्हणत राहिले. आवाजात पूर्वीचा दम नव्हता.

मग एका सकाळी मास्तर धावतच बाहेर आले. नव्या मार्गावर मालगाडीचे डबे घसरले होते. माणसांना इजा झाली नव्हती, पण दोन्ही बाजूंचे रूळ उखडले होते आणि त्यांवर सिमेंटच्या पोत्यांचा ढीग पडला होता. "मामा, कडं घ्या!" मास्तर ओरडले. "प्रवासी गाड्या आपल्याकडे वळवल्यात!"

मित्रांनो, मला केवढा हुरूप आला! पण झाली फजिती. आमचा रस्ता ठाऊक असलेला मालगाडीचा चालक प्रत्येक इंजिनात बसवला होता. मला झेलायचं काम मात्र नव्या मार्गावरच्या सहायकांचं, आणि त्यांनी उभ्या जन्मात कडं पाहिलं नव्हतं. एकाने मला बोटांनी पकडलं आणि मी खडीत जाऊन पडलो. दुसऱ्याने ऐनवेळी घाबरून हातच आत घेतला. गाडी थांबे, बिचारा उतरून मला घ्यायला चालत येई, आणि मागच्या स्टेशनात पुढच्या गाडीचा खोळंबा होई. डब्यातल्या एका बाईंनी वैतागून विचारलं, "ही गाडी नेमकी कुठे चाललीय?"

"निघाली होती तिथेच, ताई," मामा म्हणाले. "फक्त जरा वाट वाकडी करून."

दुपारी मामी फोन हातात धरून फलाटावर आल्या. त्यांना धाप लागली होती. "अहो, ठकीची गाडी वळवलीय. इकडूनच येतेय. इंजिनात तीच आहे."

मामा मास्तरांकडे वळून म्हणाले, "माझा खांदा भरून आलाय. ही गाडी तुम्ही घ्या."

"मी कडं धरलं तर गाडीबरोबर मीही जाईन, मामा!" मास्तर म्हणाले.

"खांदा नाही हो, मान दुखतेय यांची," मामी म्हणाल्या. "त्या दिवसापासून वर होत नाही. गाडी थांबणार नाहीये. ती दिसेल न दिसेल तेवढ्यात निघून जाईल. मग बसा सुतळी गुंडाळत."

मामा उठले. त्यांनी मला घट्ट धरलं. वळणावर इंजिन दिसलं. दारातून ठकी झुकली होती, निळ्या शर्टात, केस करकचून बांधलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, मामांकडे बघत होती. मामांचा हात खाली येऊ लागला.

"अहो, हात वर!" मामी ओरडल्या.

हात वर झाला. ठकीने मूठ मिटली, कोपर वाकवलं आणि मी अलगद तिच्या हातात ओवला गेलो.

"येते, बाबा!"

मामा तिच्याकडे बघतच राहिले. एक डबा गेला, दुसरा गेला. आणि मग ते फलाटावरून गाडीमागे धावत सुटले. "ये! ये गं, ठकी! ये!"

तिला ते ऐकू आलं का, म्हणून स्टेशनात पुढे बरेच वाद झाले. पण मी तिच्या हातात होतो, मला विचारा. गोळा चालकाला लगेच दाखवायचा असतो. चालक म्हणाला, "अगं, गोळा दाखव की."

"दाखवते," ठकी डोळे पुसत म्हणाली. "बाबा 'ये' म्हणाले."

रूळ दुरुस्त झाले, गाड्या आपल्या वाटेने परत गेल्या आणि ठकी पुढच्या सुट्टीत घरी आली. आता आमच्या मार्गावरही नवे सिग्नल लागले आहेत. मी मामांच्या घरी दाराजवळच्या खिळ्यावर असतो. मामा मला अधूनमधून तेल लावतात, एरवी मी धूळ खातो. तुमच्याकडेही कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू असेल, तिला जपा, एवढं मी माझ्या जातभाईंसाठी मागतो. पण त्याहून मोठं मागणं आहे. दारात उभं राहून कोणी 'येते' म्हणालं, तर कितीही राग असो, हातातलं काम खाली ठेवा आणि मान वर करून 'ये' म्हणा. निघून गेलेली गाडी पुन्हा आपल्या दारावरून वळवायला दर वेळी मालगाडी घसरत नाही.