विहीणबाईंचा पलंग

विहीणबाईंचं वागणं द्वारकाबाईंना मुळीच पटलेलं नव्हतं. येऊन तीन आठवडे झाले, तरी त्या अजून खुर्चीच्या कडेवरच बसत होत्या. पाठ म्हणून टेकायच्या नाहीत. कपडे अजून बॅगेतच. रात्री दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपायच्या आणि सकाळी सहाच्या आत चादर, उशी, पांघरूण अशी काही घडी घालून कोपऱ्यात ठेवायच्या, की पोलीस तपासाला आले असते तरी इथं कुणी झोपलं होतं हे त्यांना सिद्ध करता आलं नसतं.

“ही पाहुणी हाय का भूत?” द्वारकाबाईंनी शनिवारी सकाळी मुलाला विचारलं. “माझ्या पोराच्या घरात बसायला हिला काय काटं टोचत्यात?”

“आई, हळू बोल जरा.”

“हळू कशाला? तिला कुठं मराठी कळतंय!”

शैलेंद्रनं कपाळाला हात लावला. विहीणबाई तिथंच, टेबलाशी, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. शब्द कळत नसतील, पण आवाजाची पट्टी कुणालाही कळली असती.

शैलेंद्र डब्लिनपासून तासाभरावरच्या मलिंगारला राहायचा. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर होता. बायको कोरिना रोमानियाची, मलिंगारच्याच हॉस्पिटलात नर्स. बारा वर्षांपूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा द्वारकाबाई इचलकरंजीत बसून वर्षभर अबोल्यावर होत्या. मग नात झाली, आणि अबोला धरायला वेळच उरला नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तीन महिने त्या इथं यायच्या. सूनही गुणाची निघाली. ती मराठी शिकली, आणि शिकली ती थेट सासूकडून. त्यामुळे शैलेंद्र एव्हाना पुण्याचं शुद्ध बोलायला लागला होता आणि कोरिना मात्र पक्की इचलकरंजीची.

विहीणबाईंचं नाव व्हिओरिका. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, राहायला एकट्या, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मागच्या हिवाळ्यात जिन्यात पडल्या आणि शेजारीण दूध आणायला निघेपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून कोरिनाच्या जिवाला घोर लागला होता. आई, आता इथंच राहा, असं ती रोज म्हणायची आणि आई रोज मान हलवायची. परतीचं तिकीट मंगळवारचं होतं.

आधी द्वारकाबाईंना वाटलं, लेकीच्या घरी राहायचं नाही असा ह्यांच्यातही रिवाज असेल. असेल तर कौतुकच होतं. पण कोरिना म्हणाली, तसं काही नाही. मग ही बाई नाही का म्हणते, ते कुणालाच कळेना. शेवटी खूप मिनतवाऱ्या केल्यावर विहीणबाईंनी एवढंच कबूल केलं, की घडी होणारा एखादा पलंग घ्या, हॉलमध्ये ठेवायला. मग मी अधूनमधून येईन.

“अधनंमधनं!” द्वारकाबाई कडाडल्या. “जिन्यात पडायचं आन् अधनंमधनं यायचं. चला, मी येते दुकानात.”

नातीला मैत्रिणीकडे सोडून चौघं निघाले.

दुकान गावाबाहेर डब्लिनच्या रस्त्याला होतं. बाहेरून सूतगिरणीएवढी शेड आणि आत एकापुढे एक मांडलेल्या खोल्याच खोल्या. पलंगावर चादरी घातलेल्या, टेबलावर बशा मांडलेल्या, फळीवर पुठ्ठ्याची पुस्तकं.

“एवढी घरं मांडलीत आन् माणूस एक न्हाई,” द्वारकाबाई म्हणाल्या.

दाराला लागूनच एक करडा, घडीचा सोफा होता. विहीणबाईंनी त्यावर हात ठेवला आणि एकच शब्द बोलल्या.

“हाच, म्हणतीया,” कोरिनानं सांगितलं.

“हाच? अजून माझा दुसरा पाय दाराच्या भाईर हाय!”

द्वारकाबाईंच्या लेखी हा निव्वळ अडाणीपणा होता. त्यांची शाळा चौथीत सुटली होती, पण खरेदीत त्यांना हार नव्हती. मागावरच्या चाळीस कामगारांची खाणावळ त्यांनी सव्वीस वर्षं चालवली होती. वांगं घ्यायचं तर ढीग उलथापालथा करून. साडी घ्यायची तर दुकानदाराची मांडणी रिकामी झाल्याशिवाय पदराकडे बघायचं नाही. मग चहा प्यायचा, नको म्हणून उठायचं, पायरी उतरायची, आणि त्यानं मागून हाक मारली की मगच खऱ्या बोलण्याला सुरुवात. पहिलीच वस्तू उचलणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदारसुद्धा मनात हसतो.

त्यांनी विहीणबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना आत ओढलं.

पुढचा तासभर शैलेंद्र दहा पावलं मागे राहून चालला. द्वारकाबाई प्रत्येक पलंगावर आडव्या झाल्या, चपला खाली नीट जोडून ठेवून. एका गादीला त्यांनी ‘दलदल’ म्हटलं, दुसरीला ‘फरशी’. लालसर दाढीचा विक्रेता हसत पुढे आला.

“त्याला म्हणावं, आत काय ठेवलंय ते काढ,” द्वारकाबाईंनी मुलाला फर्मावलं. “चांगला माल पुढं कोण मांडतंय?”

“आई, इथं आत काही नसतं. आहे ते हेच.”

“तू विचार तरी.”

शैलेंद्रनं लाजत विचारलं. विक्रेत्यानं खरंच आत जाऊन आतल्या मालाची एक यादी आणून दिली. “ग्रँड,” म्हणजे काही हरकत नाही, असं तो म्हणाला. द्वारकाबाईंनी मुलाकडे बघून भुवया उडवल्या.

विहीणबाई मात्र हात पोटाशी बांधून, वाट अडू नये म्हणून भिंतीकडेनं चालत होत्या. कुणी विचारलं की जवळात जवळच्या वस्तूकडे बोट दाखवायच्या. हे चालेल. तेही चालेल.

मग द्वारकाबाईंना ते कपाट दिसलं. पांढरंशुभ्र, चकचकीत, अख्ख्या दारभर आरसा. पदरापासून पावलापर्यंत आपण एकदम दिसतो, हे बघून त्या खूश झाल्या.

“हे घ्या ह्यांच्या कपड्यांना. किती दिवस बॅगेत कोंबणार?”

आणि तेव्हा विहीणबाई भिंतीपासून हलल्या.

त्यांनी कपाटाच्या अंगावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावला. पुन्हा टकटक. मग खालचा खण धरून सरळ बाहेर ओढला, गुडघ्यावर उलटा घेतला आणि तळ अंगठ्यानं दाबला. तळ पापडासारखा आत वाकला. त्यांनी द्वारकाबाईंना खुणेनं जवळ बोलावलं, कपाटामागे नेलं आणि पाठीचा पत्रा दाखवला. पत्रा कसला, रंगवलेला पुठ्ठाच, आणि तोही टाचणीनं मारलेला. विहीणबाई बोलायला लागल्या. तीन आठवड्यांत मिळून बोलल्या नसतील एवढं एका दमात.

“भुसा हाय म्हणतीया,” कोरिना भराभर सांगू लागली. “लाकडाचा भुसा दाबून केलाय. पहिल्या पावसाळ्यात फुगंल. बिजागरी दोन वर्षं टिकंल. म्हणतीया, असं काम केलं असतं तर आमच्या मुकादमानं दिवसाचा पगार कापला असता.”

“कुठला मुकादम?”

पण विहीणबाई पुढे गेल्या होत्या. टेबलाखाली वाकल्या, नाक मुरडून उठल्या. एका खुर्चीला उचलून चारी पायांवर आपटलं, बरी आहे अशी मान हलवली. दाढीवाला विक्रेता धावत आला, तर त्यालाही हाताला धरून पुठ्ठा दाखवला. त्यानं डोकं खाजवलं, इकडेतिकडे बघितलं आणि शैलेंद्रला हळूच म्हणाला, की बाईंचं बरोबर आहे, पण माझ्या साहेबाला सांगू नका.

द्वारकाबाई बघतच राहिल्या. ही ती खुर्चीच्या कडेवरची बाईच नव्हती. ही तर त्यांच्या बरोबरीची निघाली.

दुकानाच्या पार शेवटी, एका कोपऱ्यात, एक भरीव लाकडी पलंग होता. जड, साधा, उशाशी उंच फळी. विहीणबाई तिथं थांबल्या. सांध्यावरून अंगठा फिरवला आणि तो तसाच फिरवत राहिल्या.

“हिनं चोवीस वर्षं असले पलंग पॉलिश केल्यात,” कोरिना हळू आवाजात म्हणाली. “सरकारी कारखाना हुता. पलंग, कपाटं, टेबलं. सगळं खोक्यात भरून जर्मनीला, फ्रान्सला जायचं. आमच्या घरात लोखंडी खाट आन् दोन खुर्च्या. कपाटासाठी यादीत नाव लिवलं, तवा मी पोटात हुते. नंबर आला, तवा मी पहिलीला. तिथं गेल्यावर सांगितलं, एक दार नसलेलं कपाट उरलंय. घ्यायचं तर घ्या, न्हाईतर नंबर गेला.”

“घेतलं?”

“घेतलं की. पडदा लावला.”

म्हणून दाराशी पहिलीच वस्तू! द्वारकाबाईंना आता उमगलं. त्यांनी पलंगावर थाप मारली.

“मग आता कुठला नंबर? आता ह्यो घ्या. आन् हॉलमधी कशाला, चांगला खोलीत टाका.”

कोरिनानं ते आईला सांगितलं. विहीणबाईंनी अंगठा काढून घेतला, मान हलवली आणि खाली बघत काहीतरी लांबलचक, हळू बोलल्या. कोरिना ऐकत राहिली.

“काय म्हणतीया?”

“काय न्हाई, आई.”

“कोरिना, मी चाळीस माणसं जेवू घातलीत. पाठमोऱ्या माणसाचं पोट भरलं का न्हाई ते मला कळतं. सांग.”

कोरिनानं नवऱ्याकडे बघितलं. शैलेंद्र पलंगाची चिठ्ठी वाचण्यात गर्क झाला होता.

“ती म्हणतीया, खोली तुमची हाय,” कोरिना म्हणाली. “पहिल्याच दिवशी तुम्ही दावलं तिला. तुमचा नंबर आधी लागलाय, तुम्ही पोराची आई. दुसऱ्याच्या नंबरात घुसणाऱ्या बाईच्या तोंडाकडं तिच्या गावात कोण बघत नव्हतं. ती अजून तशीच हाय. म्हणून घडीचा पलंग. तुम्ही आला, की तिला घडी घालून निघता यावं.”

द्वारकाबाईंनी पलंगावरचा हात उचलला. शैलेंद्रनं चिठ्ठी सोडून आईकडे बघितलं.

पहिला दिवस त्यांना चांगला आठवत होता. विहीणबाई बॅग घेऊन दारात उभ्या, आणि आपण त्यांना खालच्या खोलीशी नेलं. उंबऱ्यातच उभं केलं. हा माझा पलंग, हे माझे देव, ही माझी ट्रंक. प्रत्येक वेळी छातीवर हात ठेवून. भाषा येत नाही म्हणून ‘माझं’ हे हातानं दाखवलं होतं, आणि दाखवताना ठसका जरा जास्तच होता. तो होता, कारण ह्या परमुलखात, जिथं त्यांना बसचा नंबरसुद्धा वाचता येत नव्हता, तिथं त्यांची म्हणावी अशी तेवढीच एक चौकट होती. पोरगा कामावर, सून कामावर, नात तिच्या इंग्रजीत. खोली होती म्हणून त्या पाहुण्या नव्हत्या.

आणि विहीणबाईंनी त्यानंतर त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. एकदाही नाही. द्वारकाबाईंनी ते पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, शिष्ट आहे.

रॉकेलच्या रांगेत द्वारकाबाई स्वतः कधी मागे उभ्या राहिल्या नव्हत्या. घरी चाळीस ताटं थांबलीत, असा आरडाओरडा करत थेट पुढे जायच्या आणि डबा भरून घ्यायच्या. बायका सरकून जागा द्यायच्या. त्यातली एखादी मुकाट्यानं रिकामा डबा घेऊन घरी गेली असेल. त्यांनी कधी मागे वळून बघितलं नव्हतं.

“आई,” शैलेंद्र जपून म्हणाला, “तुझी खोली तुझीच राहील. आपण हॉलमध्ये...”

“तू गप. तुला कुणी इचारलंय?”

द्वारकाबाई पलंगावर बसल्या. विहीणबाईंना हाताला धरून शेजारी बसवलं. त्या नेहमीप्रमाणे कडेवर टेकल्या, तसं द्वारकाबाईंनी दोन्ही खांदे धरून त्यांना मागे सारलं, पाठ फळीला लागेपर्यंत. विहीणबाई इतक्या दचकल्या की त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. विक्रेता तोंड फिरवून हसला. कोरिना सांगायला पुढे सरसावली, पण द्वारकाबाईंनी तिला हातानं थांबवलं. आधी आपण बोलायचं, तोंडाकडे बघून बोलायचं, मग काय सांगायचं ते तिनं सांगावं.

“हे बघा विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला लाकडातलं कळतं तेवढं माणसातलं कळत न्हाई, आन् माझं तर तोंडच वाईट, त्यामुळं तीन आठवडे फुकट गेले. आमच्यात पोराच्या आईला मान असतोय. तो मला तुम्ही आजवर दिला न्हाई. आज द्या, आन् मी सांगते ते गपगुमान ऐका. मंगळवारचं तिकीट ह्यो शैलेंद्र आज रद्द करतोय. खालची खोली तुमची. ह्यो पलंग तिथं जाणार, आन् कपाट तुम्ही ठोकून, बडवून, ह्या दाढीवाल्याला रडवून पसंत करायचं. माझे देव तेवढे तिथंच ऱ्हातील, त्यांना तुमचा काय त्रास न्हाई. मी वर्षाला तीन महिने येणार, ती तुमच्या खोलीत पाहुणी म्हणून येणार, आन् तुम्ही सरकून मला जागा द्यायची. घोरत असाल तर आत्ताच सांगा, कारण मी घोरते, आन् मी काय ते थांबवणार न्हाई.”