हात वर, तोंड बंद

अप्पांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या केल्या. गावातले निम्मे म्हातारे माझ्या हातचं हसू हसतात, असं ते स्वतःच सांगायचे. समोरचा हसला की त्याच्या तोंडात निरखून बघायचे, दात आपलेच आहेत ना याची खात्री करायला. मेणाचा साचा, गुलाबी पूड, बारीक कानस आणि त्यावर वाकलेली त्यांची नजर. ती नजरच आता संपत आली होती. एकदम अंधार झाला नाही, कडेकडेने होत आला. आधी शेजारी उभा राहिलेला माणूस दिसेनासा झाला, मग दाराची चौकट गेली, आणि आता मधोमध तेवढा एक गोल उरला होता. "नळीतून बघतोय," अप्पा म्हणत. "जिथे नळी लावीन तेवढंच माझं जग." पुढच्या थंडीपर्यंत ती नळीही बंद होईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

थोरली म्हणजे अप्पांची मोठी मुलगी. तिचं ताडपत्रीचं दुकान होतं. ट्रकची आच्छादनं, दुकानांवरची छपरं, तंबू, सगळं ती स्वतः शिवायची. बोटांना घट्टे, आणि जीभ सुईसारखीच. डॉक्टरांकडून घरी आल्या आल्या तिने भावाला फोन केला. "लंब्या, रजा काढ. अप्पांना देवमासा एकदा दाखवायचा. नंतर दाखवू म्हणायला नंतर राहिलेलं नाही."

थंडी सरता सरता देवमासे पिल्लांना घेऊन त्या किनाऱ्याजवळून जात. तेव्हा टेकाडाखाली, वाऱ्याच्या आडोशाला, यांचा तंबू पडायचा तो थोरली परकरी वयाची होती तेव्हापासून. आई होती तेव्हा त्या तंबूत काय नव्हतं? अंथरुणं, उकडलेल्या अंड्यांचा डबा, बटाट्यांचं पोतं, गॅसचा बारका स्टोव्ह. आरसासुद्धा. आई रोज सकाळी वाळूत मांडी घालून त्या आरशात बघून भांग पाडायची. अप्पा हसले तर म्हणायची, "समुद्राला काय वाटेल, बाई अशीच आली म्हणून." ती गेल्यावर आरसा घरी राहिला. बाकी सगळं तसंच चालू होतं.

आणि तो नियमही.

थोरली लहान असताना एकदा देवमासा अगदी जवळ आला होता. ती आनंदाने किंचाळली, आणि देवमासा बुडाला तो पुन्हा वर आलाच नाही. त्यावर अप्पांनी कायदा केला. देवमासा दिसला तर आवाज करायचा नाही. दोन्ही हात सरळ वर करायचे आणि उभं राहायचं. हात दिसले की बाकीच्यांनी हात करणाऱ्याकडे बघत बसायचं नाही, त्याच्या पलीकडे समुद्रात बघायचं. देवमासा कुणासाठी थांबत नाही. जो बोलेल त्याने परत जाईपर्यंत सगळ्यांची भांडी घासायची. "हात वर, तोंड बंद," अप्पा म्हणायचे, आणि पुढे पुढे ते घरातही सुरू झालं. दारात नावडता पाहुणा दिसला की आई स्वयंपाकघरातून दोन्ही हात वर करायची आणि मुलं हसून लोळायची.

या वेळी चौघंच होती. अप्पा, थोरली, लंब्या आणि त्याची बायको. तिला सगळे धाकटी म्हणत. लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि ती पहिल्यांदाच आली होती. तंबू लावताना लंब्याने तिला नियम समजावून सांगितला.

"आणि साप दिसला तर?" तिने विचारलं.

"तेव्हा बोललं तरी चालेल. पण हळू."

"तुमच्या घरात सगळे असेच आहात का हो ताई?"

"हा जरा बराय," थोरली म्हणाली. "तू आमच्या आत्याला बघितलं नाहीस."

लंब्या नावाप्रमाणे उंच. अप्पांची गळाची लांब काठी त्याच्या हातात काडीसारखी दिसे. तो अप्पांचा जुना रबरी पायजमा चढवायचा, छातीपर्यंत येणारा, खाली बूट जोडलेले, वर पट्टे. मग लाटांत शिरून, कंबर वळवून, शिशाचं वजन पार फेसाच्या पलीकडे फेकायचा. तिथे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचा एक लांबट उंचवटा होता. घरात त्याला 'ओटा' म्हणत. ओहोटीला ओट्यावर घोट्याएवढंच पाणी असे. ओटा आणि किनारा यांच्यामध्ये एक चर होती. ओहोटीला ती कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडता येई. मोठे मासे ओट्यापलीकडे मिळत. अप्पा तरुणपणी ओट्यावर उभे राहूनच मासे धरायचे. भरती लागली की मात्र आधी चर भरते, ओटा मागाहून बुडतो. म्हणून ओट्यावरच्या माणसाला आपण उथळातच आहोत असं वाटत राहतं. हे अप्पांनी दोघांना लहानपणीच शिकवलं होतं, पाढ्यांसारखं.

पहिला दिवस वाऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी धुकं. लंब्याने मासे मात्र भरपूर आणले. एकदा गळाला मासा लागला तशी काठी अप्पांच्या हातात देऊन तो मागे उभा राहिला, त्यांच्या कोपरांना आधार देत. अप्पांना मासा दिसत नव्हता, ओढ कळत होती. "कानशीखालून दात निसटावा तसा निसटतोय बघ," ते म्हणाले, आणि खरंच निसटला. सगळे हसले. पण थोरली अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यांची नळी सारखी समुद्रावरून फिरत होती. रिकाम्या पाण्यावरून डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"देवमाशाला कवळी करायची म्हटली तर साचा केवढा लागेल हो अप्पा?" जेवताना लंब्याने विचारलं.

"या जातीच्या देवमाशांना दात नसतात."

"दात नाहीत म्हणजे आपलंच गिऱ्हाईक की."

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. धाकटीने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर अप्पा कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाले, "नाही आला तरी चालेल रे. मी पाहिलेत पुष्कळ."

पण चालणार नव्हतं. ते सगळ्यांना कळत होतं, आणि अप्पांनाही कळत होतं की ते कळतंय.

तिसरा दिवस परतीचा. दुपारी ऊन चांगलं पडलं. तंबू सोडायचा म्हणून थोरली खुंट्या उपटत होती. अप्पा घडीच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर दुर्बीण, जी त्यांना आता उपयोगाची नव्हती. लंब्या रबरी पायजम्याचे पट्टे खांद्यावर चढवत आला.

"ओट्यावर जाऊन बघतो. इथून फेसापलीकडे काही दिसत नाही."

"भरती लागलीय," अप्पा म्हणाले.

"आत्ताच तर लागलीय. थोडा वेळ उभा राहतो. दिसला की हात करतो. ताई, तू अप्पांची नळी माझ्या डोक्यावरून बरोबर लाव."

"लावते. तू नीट जा, वाकड्यातिकड्या उड्या मारत नको जाऊ."

"काठी कशाला घेतोयस मग?" धाकटीने विचारलं.

"मोकळ्या हाताने गेलो तर समुद्राला काय वाटेल?" लंब्या आईच्या आवाजात म्हणाला, आणि थोरलीला हसू फुटलं. तेच हसू पुढे तिला नको नको झालं.

तो चरीतून गेला तेव्हा पाणी त्याच्या बरगडीला लागलं होतं. ओट्यावर चढल्यावर मात्र गुडघ्यापर्यंतच होतं. त्याने गळ फेकला, आणि कपाळावर हात धरून समुद्राकडे बघत राहिला. थोरलीने खुर्ची फिरवून अप्पांची नजर त्याच्यावर आणली. "दिसतोय का?"

"दिसतोय. पोक काढून उभा राहतो गाढव. किती वेळा सांगितलं."

पुष्कळ वेळ तो तसाच उभा होता. थोरली आणि धाकटी ताडपत्रीची घडी घालत होत्या. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने चालत यायचं, मग पुन्हा मागे जायचं. अशाच एका घडीला धाकटीने नुसता श्वास आत घेतला. थोरलीने वळून बघितलं. ओट्याच्या अलीकडे, लाटांच्या वर, लंब्याचे दोन्ही हात सरळ आभाळाकडे गेलेले होते.

दोघींनी ताडपत्री सोडली. एक शब्द नाही. थोरली अप्पांच्या खुर्चीमागे गेली आणि लंब्याच्या हातांपलीकडे बघायला लागली, जिथे ऊन पाण्यावर पडून सगळं पांढरं दिसत होतं. धाकटीने दुर्बीण उचलली.

"हात हलतायत त्याचे," अप्पा म्हणाले.

"श्श," थोरली त्यांच्या कानाशी कुजबुजली. "भांडी घासावी लागतील."

"अगं, हात हलतायत. आणि तो इकडे तोंड करून..."

"अप्पा, त्याच्याकडे नका बघू. पलीकडे बघा. जाईल तो." तिने त्यांची हनुवटी धरली आणि हळूच, लहान मुलाची मान फिरवावी तशी, त्यांची मान समुद्राकडे फिरवली. त्यांची मान ताठ होती. तिने जरा जोर केला.

ऊन, पाणी, ऊन. कुठेही पाठ दिसेना, फवारा दिसेना. ती डोळे बारीक करून बघत राहिली. मनात म्हणत राहिली, ये बाबा, एकदा ये.

"मला काहीच दिसत नाही," शेवटी धाकटी पुटपुटली. तिने दुर्बीण खाली केली आणि ओट्याकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. चरीतलं पाणी आता किनाऱ्यालगत जोरात वाहत होतं, नदी वाहते तसं, बाजूला आणि मग आत. त्या पाण्यावर गळाची काठी आडवी तरंगत चालली होती.

धाकटी धावली. थोरली तिच्यामागे धावली आणि गळ्याइतक्या पाण्यात तिला गाठून, केसांना धरून, मागे ओढलं. धाकटी तिच्या हाताला चावली. तरी थोरलीने सोडलं नाही. घट्टे पडलेली बोटं होती ती, त्यांना सोडणं माहीत नव्हतं.

बंदरातली बोट यायला वेळ लागला. नारिंगी जाकिटातली माणसं होती, चांगली माणसं. त्यांनी विचारलं, शेवटचा कुठे दिसला? थोरलीने बोट दाखवलं. अंगात काय होतं? तिने रबरी पायजम्याचं सांगितलं. त्यातल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. तसल्या पायजम्यात पाणी भरलं की माणसाच्या पायांना दोन भरलेल्या बादल्या बांधल्यासारखं होतं. हेही अप्पांनी शिकवलं होतं. हाक मारली नव्हती का त्याने, असं त्या माणसाने विचारलं. लाटांच्या आवाजात हाक पोचली नसती. "हात केले होते," थोरली म्हणाली. "मग?" तो म्हणाला.

अप्पा खुर्चीतच होते. कुणीतरी त्यांच्या पायांवर घोंगडी टाकली होती. थोरली ओल्या कपड्यांनी त्यांच्याजवळ वाळूत बसली. ऊन उतरत चाललं होतं. बोट ओट्यापलीकडे फेऱ्या घालत होती. पाण्याच्या कडेला धाकटी उभी राहून हाका मारत होती. लंब्या म्हणून नव्हे, त्याच्या पाळण्यातल्या नावाने, जे घरात कुणीच घेत नसे. आई गेल्यापासून थोरलीने ते नाव ऐकलं नव्हतं. धाकटीचा आवाज फाटला होता तरी ती थांबत नव्हती.

तेव्हा तो आला. आधी आवाज आला, पोत्यातून हवा सुटावी तसा, मोठा आणि ओलसर. मग फवारा. ओट्याच्या जरासाच पलीकडे, बोटीच्या डावीकडे, काळी पाठ वर आली आणि येतच राहिली, संपेचना. तिच्या कुशीला एक लहान पाठ होती. इतक्या जवळ तर तो थोरलीच्या लहानपणीही आला नव्हता.

तिचे हात मांडीवरून हलले नाहीत.

अप्पांनी आवाज ऐकला होता. ऐकला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. त्यांची मान मात्र वळली नाही. ते चरीतल्या पाण्याकडे बघत होते, जिथे त्यांनी हात शेवटचे बघितले होते.

"अप्पा," ती म्हणाली. "तिकडे..."

"ऐकलं मी." ते शांतपणे म्हणाले. "माझी नळी एवढीशी आहे गं. ती मी इथे लावलीय. आता कुणी हलवू नका."

तिने आपला हात मागे घेतला. मग ते म्हणाले, "तू बघ. कुणीतरी बघ. पोरगं त्यासाठी गेलं होतं."

म्हणून तिने बघितलं. पाण्याच्या कडेला धाकटी जीव तोडून ओरडत होती. तो आवाज टेकाडावर आपटून परत येत होता, बोटीतली माणसंही मान वर करून बघत होती. आणि देवमासा बुडाला नाही. फवारा सोडत होता, पिल्लाला कुशीला घेऊन तिथल्या तिथे डुलत होता. त्याला त्या आवाजाचं काही नव्हतं. कधीच काही नसावं.

धाकटी ओरडत राहिली. अंधार पडेपर्यंत तो तिथेच होता.