सूर्यभान मिस्त्रीचा शेवटचा हातपंप

"तुह्या पंपाचा वॉशर गेला असन, माय. तेल्हाऱ्याहून आनावा लागते," सूर्यभान म्हणाला आणि ओलं फडकं पुन्हा सोलरच्या प्लेटेवर फिरवू लागला.

खाली दुर्गाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी होती. वय ऐंशीच्या आसपास, पण पाठ अजून ताठ.

"एकतीस वर्षं हातपंपाची नौकरी केली तू. अन् घरात एक वॉशर नाई?"

"रिटायर झालो नं आता. सामान जमा करून देल्लं."

दुर्गाबाईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि घागर सावरून ती वळली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत सूर्यभान शिडीवर तसाच उभा राहिला. घरी खाटेखाली सुतळीचं एक पोतं होतं. त्यात पाने, चेन, नट-बोल्ट आणि निदान दोन डझन वॉशर होते. पंपाच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

बोरखेडी खारपाणपट्ट्यातलं गाव. जमीन काळीभोर, कपाशीला आणि तुरीला सोन्यासारखी. पण खाली कुठेही खोदलं तरी पाणी खारट. चहात दूध घातलं की फाटायचं. तुरीची डाळ दोन तास शिजवली तरी दाणा दाताखाली यायचा. सूर्यभान पंचायत समितीचा हातपंप मिस्त्री. तालुक्यातल्या साठ-पासष्ट गावांतले पंप त्याला आवाजावरून ओळखू यायचे. एखाद्या गावात चार दिवस बंद पडलेल्या पंपाला त्याच्या हाताने पाणी आलं की बाया त्याला हळदकुंकवाच्या ताटासारखा चहा आणून द्यायच्या, आणि तो फाटलेला चहा तो आनंदाने प्यायचा.

निवृत्त झाला त्याच वर्षी एका संस्थेने गावाच्या वेशीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. बोअरचं खारं पाणी मोटर वर ओढते, यंत्रातून गोडं होऊन टाकीत पडतं आणि हे सगळं चालतं उन्हावर. लाइट असो की नसो, उन्हाला बोरखेडीत कधी तोटा नव्हता. पाणी समितीने एकमताने सूर्यभानला तिथे बसवलं. त्याला ते काम मनापासून आवडलं. सकाळी प्लेटांवरची धूळ पुसायची, गाळणी धुवायची, पाण्याचा खारेपणा मोजायच्या मशीनवर आकडा पाहायचा, आणि आठ वाजता नळ उघडायचा. ऊन चढत गेलं की मोटरचा आवाज भरत जायचा, तसतसं त्याचंही मन भरायचं. त्याची बायको माणिकबाई म्हणायची, "आता दाळ शिजते अन् माणूस बी घरी जेवाले येते. अखीन काय पायजे?"

दोन वर्षांत सगळ्या गावाने ते पाणी धरलं. एकटी दुर्गाबाई सोडून. तिची सून सत्यवती रोज वीस लिटरची कॅन घरी न्यायची, त्यावर स्वयंपाक व्हायचा. पण प्यायला दुर्गाबाई दारासमोरच्या हातपंपाचंच पाणी भरायची. "त्या पान्यात जीव नाई," एवढंच म्हणायची.

मागच्या महिन्यात गावात तपासणीचं शिबिर झालं. गावची आशा सेविका रश्मी तपासणीचा कागद घेऊन सूर्यभानकडे आली होती. "काका, दुर्गाआजीची किडनी अर्धीच काम करून राह्यली. डॉक्टर म्हनतात, गोळ्या मंग, पह्यले पानी बदला. मी तीनदा सांगतलं. तुमचं आयकन म्हून आली." सूर्यभान दोनदा जाऊन आला. दुर्गाबाईने त्याला चहा पाजला आणि विषय कपाशीवर नेला.

आणि आता तो पंप आपोआप बंद पडला होता. सूर्यभानला वाटलं, देवानेच काम सोपं केलं. चार दिवस वॉशर मिळाला नाही म्हणायचं, तोवर म्हातारीला गोड्या पाण्याची सवय होईल.

दुपारी सत्यवती यंत्राच्या खोलीशी आली. कापूस वेचून आली होती, ओटीचा पदर अजून कमरेला बांधलेला. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई.

"आत्याबाई नाल्यापलीकडच्या जुन्या विहिरीवर गेल्त्या," ती म्हणाली. "तिथून घागर आनली. तीनदा बसल्या रस्त्यानं."

"त्या विहिरीचं तं ढोरं बी पेत नाई."

"म्या बी तेच म्हनलं. तं म्हने, सूर्यभान खोटं बोलला माह्यासंग. त्याच्या हातचं पानी आता तं घेतच नाई."

त्या संध्याकाळी सूर्यभान जेवायला बसला आणि त्याने सकाळपासूनची गोष्ट सांगितली. माणिकबाईने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी तिचं भलं करून राह्यले, हे खरं," ती म्हणाली. "पन लपून करून राह्यले. थे तिले कसं पटन? तुमाले लेक म्हनते थे."

हे खरंच होतं. दुर्गाबाईचा मुलगा श्याम आणि सूर्यभान एका वर्गात होते. सूर्यभानची आई लवकर गेली, तेव्हापासून श्यामच्या चुलीसमोर दोन पाट पडायचे. तो पंपही सूर्यभानने नोकरीच्या पहिल्या वर्षी हट्टाने तिच्या दारासमोर मंजूर करून घेतला होता. पुढे श्यामच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा अकोला. सूर्यभान रजा टाकून त्याच्यासोबत एसटीने जायचा. दीड वर्ष चाललं. श्याम गेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानने नळ उघडून दिला, यंत्र माणिकबाईच्या नजरेखाली ठेवलं आणि पोतं खांद्यावर टाकून दुर्गाबाईच्या दारी गेला. ती ओसरीत तूर निवडत होती. पोतं खाली ठेवताना आतलं लोखंड वाजलं.

"वॉशर घरीच होता, माय. काल खोटं बोललो."

"मालूम हाय मले," दुर्गाबाई सुपातून नजर न काढता म्हणाली.

"पंप नीट करून देतो. पन तू इथं बसून पाहजो."

सत्यवती त्या दिवशी वेचायला गेली नाही. पंपाचं डोकं उतरवल्यावर रॉड वर ओढायला दुसरा हात लागतो, तिने पदर खोचून रॉड धरले. एकेक करत दहा रॉड बाहेर आले. शेवटी सिलेंडरमधला पिस्टन वर आला. वॉशर झिजून चिंध्या झाला होता. पण सूर्यभान वॉशरकडे पाहत नव्हता. खालच्या तीन रॉडांवर बोटाएवढा पांढरा थर चढला होता, चुन्याने लिंपल्यासारखा. त्याने पान्याने ठोकल्यावर खपली निघून पडली. ती त्याने उचलून दुर्गाबाईच्या सुपाच्या काठावर ठेवली.

"हे काय होय?"

"पान्यातलं खार. लोखंडाचं हे हाल करते. पोटात जाऊन काय करत असन?"

दुर्गाबाईने खपली हातात घेतली. अंगठ्याने चोळली. रस्त्यावरून कापसाची एक बैलगाडी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत दुर्गाबाईचा अंगठा खपलीवर फिरत होता.

"तू अकोल्याले जाये श्यामले घेऊन," ती शेवटी म्हणाली, "तवा पिशवीत पान्याची बाटली राहे. आठोते?"

"आठोते."

"थे मीच भरून देवो. दवाखान्यातलं पानी लेकाले बाधन म्हनून. ह्याच पंपाची." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मंग तू सांग आता. ते यंत्राचं पानी मी तोंडाले लावलं म्हंजे काय झालं? हे पानी खराब होतं, असंच झालं नं? म्हंजे माह्या लेकाले मीच पाजलं."

सूर्यभानने हातातला पाना खाली ठेवला. दोन वर्षं सगळं गाव म्हणत होतं, म्हातारी हट्टी आहे. त्यालाही तसंच वाटलं होतं. ती या एका हिशेबापाशी अडकून बसली असेल, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"माय, पंप कोनं बसोला इथं?"

"तू."

"बंद पडला का चालू कोन करे? रात न् दिवस पाह्यलं नाई म्या. साठ गावात हेच पानी काहाडून देल्लं. त्याच्यात तुह्या एका लेकाचं पाप तू घेतं, तं माह्या डोक्यावर किती ठेवतं?"

दुर्गाबाईने मान हलवली. "तुले कुठं मालूम होतं."

"मंग तुले होतं का?"

रॉड धरून उभी असलेली सत्यवती तेव्हा बोलली. श्याम गेल्यापासून तिने या ओसरीवर त्याचं नाव क्वचितच काढलं होतं.

"आत्याबाई, घागरी तं मी बी भरो. सकायच्या दोन अन् सांजच्या दोन. ते बी म्हनत, पंपाचं पानी गार लागते." ती थांबली. "तहान लागली का आपुन पानी देल्लं. तवा हेच होतं."

दुर्गाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. सूर्यभान खाली मान घालून पिस्टनवर नवा वॉशर चढवू लागला. वॉशर पहिल्याच खेपेला जागेवर बसला. एवढी वर्षं बसवल्यावर बोटांना ते आपोआप जमतं.

"भांड्या-कपड्याले लागते पंप," दुर्गाबाई जरा वेळाने म्हणाली. "जोड तो. उघडा नको ठेवू."

"जोडतो."

रॉड खाली सोडले, डोकं बसवलं, चेन अडकवली. सत्यवतीने दांडा मारला. आठ-दहा हात कोरडे गेले आणि मग पाणी आलं, पांढरं, भरभरून. तिने त्यात लगेच सकाळची भांडी घासायला घेतली. सूर्यभान ओसरीच्या काठावर घाम पुसत बसला आणि त्याने पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली.

"आन इकडे," दुर्गाबाई म्हणाली.

तिने बाटली तोंडाला न लावता वरून दोन घोट घेतले. तोंडात घोळवले. गिळले.

"फिक्कंच हाय," ती म्हणाली.

"हाय थोडं फिक्कं," सूर्यभान म्हणाला. "सवय होते. मले सहा महिने लागले."

"तुले बी?"

"मंग काय. मानिकपासून लपून मी पंपावर जाऊन पेत होतो."

दुर्गाबाई हसली. तोंडात उरलेले चार दात दिसले. सत्यवतीने भांडी घासता घासता मागे वळून पाहिलं. सासूला असं हसताना तिने कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं.

घरी निघताना सूर्यभानने पोतं उचललं, तेव्हा दुर्गाबाई म्हणाली, "दुपारी जेवाले येजो. भाकर अन् ठेचा हाय. मानिकले बी घेऊन ये."

पुढचे दोन दिवस आभाळ आलं आणि यंत्र निम्म्याच जोराने चाललं. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आठच्या सुमारास सूर्यभानने नळ उघडला तेव्हा बारा-पंधरा बाया कॅन घेऊन उभ्या होत्या. शेवटून दुसरी दुर्गाबाई होती. सोबत सत्यवती नव्हती. हातात पाच लिटरची नवी कॅन, पांढरी, बुचाला अजून दुकानातला कागद चिकटलेला.

पुढच्या बायांनी तिला पाहिलं आणि बाजूला सरकल्या. "या नं आजी, पह्यले तुमी भरून घ्या. कुठं उनात उभ्या राह्यता."

"राहू द्या," दुर्गाबाई म्हणाली. "माहा नंबर आला का भरीन."

सूर्यभानने तिला हाक मारली नाही. पहिल्या बाईची कॅन नळाखाली घेतली, भरली, दुसरीची घेतली. रांग एकेक पाऊल पुढे सरकत होती. दरवेळी दुर्गाबाई आपली कॅन उचलायची, एक पाऊल पुढे ठेवायची आणि डोक्यावरचा पदर नीट करून पुन्हा ताठ उभी राहायची.