जेवणानंतरची गोळी

नागापूरच्या कारखान्यांमागच्या त्या हॉस्पिटलात औषधांची खिडकी एकच, आणि खिडकीशी उभ्या माणसाचं दुखणं म्हणजे अख्ख्या रांगेचं दुखणं. मूळव्याध असो की बीपी, मागचे लोक सल्ला दिल्याशिवाय हलत नसत. म्हणून टांझानियाहून इंजिनियरिंग शिकायला आलेल्या जोसेफशी फार्मासिस्ट सुमेधा हळू आवाजात, इंग्रजीतून बोले. झालं उलटंच. इंग्रजी कानावर पडताच रांग आणखी पुढं सरकली.

सुमेधानं त्याच्या गोळ्यांची जुनी पाकिटं पाहिली. सकाळच्या संपलेल्या, रात्रीच्या बऱ्याचशा तशाच.

"म्हणून तर परवा कॉलेजात फिट आली. रात्रीची का चुकवतोस?"

जोसेफ काचेला चिकटून पुटपुटला, "रात्री घरमालकिणीकडं जेवतो. माझ्या ताटातला घास न् घास ती बघते. गोळी दिसली तर विचारणारच. आधीच्या घरमालकाला फिटचं कळलं, तर त्यानं माझी बॅग रस्त्यावर ठेवली."

"मग खोलीत जाऊन घे."

"जेवल्यावर ती गप्पांना बसवते. वर जाईपर्यंत डोळे मिटतात."

मोबाईलला गजर लाव, असं सुमेधा सांगणार, तोच रांगेच्या शेपटाकडून हाक आली.

"जोसेप, तू हितं कसा?"

तीच ती घरमालकीण, बनुबाई. आल्या होत्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांना. लोकांना कोपरानं सारत त्या खिडकीशी पोचल्या. "काय झालंय वो ताई, आमच्या पोराला?"

जोसेफनं पाकिटांवर पंजा ठेवला. सुमेधाला 'ताकदीच्या गोळ्या' म्हणून वेळ मारून नेता आली असती. त्या दोन शब्दांनी या खिडकीवर अनेकांची अब्रू राखली होती. पण उद्या घरातच फिट आली तर? आणि खरं सांगून टाकावं, तर तो हक्क तिचा नव्हे.

"त्यालाच विचारा, मावशी," ती म्हणाली. मग त्याला इंग्रजीत, "सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर पुढचं मी समजावते."

जोसेफचं मराठी बनुबाईंच्याच पंगतीतलं होतं. "मावशी, मला फिट येती. लहानपनापासून हाय."

"कांदा हुंगवायचा," मागून रंगनाथ नावाच्या गृहस्थांनी लगेच निकाल दिला. "न्हाईतर चप्पल."

"काहीही हुंगवायचं नाही," सुमेधा आता मोठ्यानं, मराठीत म्हणाली. "कुशीवर वळवायचं. तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर इकडं आणायचं. आणि गोळी एकही चुकवायची नाही."

"मंजी चपलेचा कायच उपेग न्हाई?" रंगनाथ जरा हिरमुसले.

बनुबाई मात्र मनात काहीतरी जुळवत होत्या. "वरची खोली सोड तू," त्या जोसेफला म्हणाल्या.

त्यानं मान खाली घातली. "कधी?"

"आजच. जिन्याला कठडा न्हाई, पडलास बिडलास मंजी? खाली बैठकीत ये. आमचे हे, काकासाहेब, तितंच झोपत्यात, लई घोरत्यात, तेवढं सोसावं लागंल."

शब्द कळूनही जोसेफ सुमेधाकडंच बघत राहिला. तिनं तेच इंग्रजीत पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठं त्याचा पंजा पाकिटांवरून उठला.

"आन जेवल्यावर गोळी मी देनार," बनुबाई म्हणाल्या.

"मी घेतो ना, मावशी."

"घे की. मी समोर बसून बघनार."